स्थिरचित्र स्पर्धेला पाठवायचंय: घागर, मिरच्या की गूळ?

रंगपेटी_शहापूर

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, शहापूरला राहतो, दिवसभर दुकान बघतो आणि रात्री नि रविवारी ऑइल पेंटिंग. फक्त स्थिरचित्रं करतो, तीही अगदी रिअलिस्टिक, वस्तू समोर मांडून, फोटोवरून नाही. यंदा पहिल्यांदाच एका ऑनलाइन स्पर्धेत आणि मुंबईतल्या एका वार्षिक प्रदर्शनात एंट्री द्यायचं ठरवलंय, खरं तीन चित्रं अर्धवट अवस्थेत एकदम घरात उभी आहेत आणि कुठलं पुढं न्यायचं तेच ठरेना. तिन्हींचे फोटो खाली टाकलेत, बघून स्पष्ट सांगा.

पहिलं म्हणजे तांब्याची घागर. आजीच्या माहेरची, पोटाला एक पोचा आहे. अर्धी चिंच लावून लख्ख घासली आणि अर्धी तशीच काळपट ठेवली, खाली पांढरं धुवट धोतर. सगळ्यात जास्त काम यावरच झालंय, पोच्यात वाकडी दिसणारी खिडकीसुद्धा काढलीय, तरी घागर धोतरावर बसलीय असं वाटत नाही, चिकटवल्यासारखी दिसते. खिडकी उत्तरेची आहे, सगळी पुस्तकं सांगतात तशीच, तरी मे महिन्यात चमक सकाळी एकीकडं तर दुपारी दुसरीकडं. रात्री ट्यूबलाइट लावून पुढं काढतो.

दुसरं, खानापूरच्या मातीच्या पसरट भांड्यात वाळलेल्या संकेश्वरी मिरच्या, मागं गडद भिंत. यात ब्राउनमधलं अंडरपेंटिंग, म्हणजे खालचा पहिला थर, पूर्ण आहे आणि लाल रंग निम्म्या मिरच्यांवर चढलाय.

तिसरं, फोडलेली गुळाची ढेप, तराजूच्या लोखंडी पारड्यात. हे सगळ्यात मागं आहे खरं माझा जीव यातच जास्त अडकलाय. अडचण अशी की पाऊस लागला आणि गूळ पाझरायला लागला, कडा गोल झाल्या, पारड्यात काकवीसारखं साचलं, म्हणजे जे काढायला बसलो होतो ते समोर राहिलंच नाही.

शिवाय दोन गोष्टी. एक म्हणजे रंग वाळत नाहीत, आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, भिंतींना ओल आहे. आणि दुसरं, घरचे सगळे म्हणतात स्पर्धेत भांडीकुंडी कोण बघतंय, आजोबांचं पोर्ट्रेट पाठव, चेहऱ्याला बक्षीस मिळतं. हे खरं आहे का ओ? मला भांडीच काढायची आहेत. एक सांगू का, त्या घागरीचा पोचा काढताना मला जेवढं बरं वाटलं तेवढं कुठलं तोंड काढताना वाटलेलं नाही.

---

ड्रॉइंगमास्तर_खानापूर

फोटो मोठे करून बघितले. हात चांगला आहे तुमचा, पोच्यातली खिडकी फारच जमलीय. घागर का बसत नाही ते सांगतो. धोतराची जी घडी उजवीकडं खाली येते तिथं नीट बघा, एकाच घडीला दोन सावल्या आहेत, एक निळसर आणि तिच्याशेजारी पुसट अशी दुसरी, जरा हिरवट. निळसर आहे ती रविवारच्या खिडकीची आणि हिरवट रात्रीच्या ट्यूबची. घागरीवरची मोठी चमक खिडकीची, बुडाखालची सावली ट्यूबची. डोळ्याला नेमकं कारण कळत नाही पण खटकतं बरोबर, कारण सावली ज्या दिव्याची त्याच दिव्याची चमक असली तर वस्तू जमिनीवर टेकते, नाहीतर तरंगते.

आता उत्तरेच्या खिडकीचं. पुस्तकात जे लिहिलंय ते युरोपातलं आहे आणि तिथं ते बरोबरच आहे, तिकडं दुपारचा सूर्य कधीच उत्तरेला जात नाही. आपलं बेळगाव साधारण १६ अंश अक्षांशावर. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्यसुद्धा आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेकडं झुकलेला असतो, आणि उगवतीला मावळतीला तर मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत तो उत्तरेच्याच अंगाला असतो. म्हणून सकाळ संध्याकाळ तुमच्या उत्तरेच्या खिडकीतून तिरीप आत येते आणि दुपारी अंगणातल्या फरशीवरचं तापलेलं ऊन खालून वर मारतं. मे महिन्यात चमक पळत होती त्यात तुमचा काही दोष नाही, आपल्याकडं उत्तरेचा उजेड स्थिर मिळतो तो हिवाळ्यात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी त्या खिडकीसारखी खिडकी नाही.

तोवर उपाय साधा आहे. पुठ्ठ्याचं किंवा प्लायचं तीन बाजूंनी बंद खोकं करा, आतून काळा नाहीतर करडा रंग द्या, वस्तू त्यात मांडा आणि डावीकडून वरून एकच दिवा. एलईडी घेताना खोक्यावर सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वर आहे का बघा, आणि उजेडाची छटा ५००० केल्विनच्या आसपासची घ्या. ईझलवर तसलाच दुसरा दिवा, पण त्याचा उजेड खोक्यात जाता कामा नये. मग रात्री काय नि रविवारी काय, उजेड तोच.

अजून एक, हे शाळेत मी मुलांना सारखं सांगायचो. तांब्यावरची चमक पांढरी नसते. धातू उजेड परत फेकतो तो स्वतःचा रंग लावूनच, म्हणून तांब्याची सगळ्यात उजळ जागासुद्धा गुलाबी-केशरीकडं झुकलेली असते. मिरचीचं उलटं. तिच्या सालीवरची चमक म्हणजे वरच्या गुळगुळीत थरावरून परतलेला उजेड, त्याला मिरचीचा लाल लागत नाही, खिडकीचा थंड पांढरा रंगच दिसतो. तुम्ही घागरीवर शुद्ध पांढरा ठेवलाय आणि मिरच्यांवर लालात पांढरा मिसळून गुलाबी केलाय. दोन्ही अदलाबदल करा आणि बघा काय होतं ते.

माझ्या मते मिरच्या पाठवा. तिथं उजेड एकच आहे, रचना नीट आहे. चित्रकार के. बी. कुलकर्णी सरांनी बेळगावात चित्रकारांची जी पिढी घडवली, रवी परांजपे त्यातलेच, त्या सगळ्यांच्या कामात आधी उजेड ठरलेला दिसतो, बारकावे नंतर. तो वारसा आपल्या गावचा आहे, तो धरून चला.

---

निपाणी_ऑइल

मास्तरांनी उजेडाचं सांगितलं, मी वाळण्याचं सांगतो कारण हा विषय दरवर्षी जूनमध्ये कुणीतरी काढतोच.

ऑइल कलर पाण्यासारखा उडून वाळत नाही भावा. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होत जातं, म्हणून पंख्याखाली ठेवून किंवा हेअर ड्रायर मारून वरची साय धरते आणि आत ओलंच राहतं, पुढं त्याला सुरकुत्या पडतात. त्याला पाहिजे थोडी ऊब, उजेड आणि खेळती हवा. कॅनव्हास भिंतीकडं तोंड करून ठेवू नका, ओल्या भिंतीला तर अजिबात टेकवू नका, मागून बुरशी धरते आणि ती प्रायमरमधून पुढं येते. खोलीच्या मध्ये स्टूलवर उभा करा. अंधाऱ्या कपाटात ठेवला तर वाळतो हळू आणि पांढरा पिवळा पडतो, नंतर उजेडात ठेवल्यावर पिवळेपणा बराच कमी होतो खरं स्पर्धेच्या वेळी तो उपयोगाचा नाही.

रंगारंगात फरक आहे. अंबर, म्हणजे तो मातकट तपकिरी, भराभर वाळतो, त्यातल्या मॅंगनीजमुळं. काळा आणि कॅडमियम, अलिझरीनसारखे लाल हे रेंगाळतात. तुमच्या मिरच्यांचं अंडरपेंटिंग अंबरमध्ये असेल तर ते पावसाळ्यातसुद्धा अडवणार नाही. वर जो लाल येणार तो मात्र वेळ खाणार, म्हणून खालच्या थरात तेल कमी, टर्पेंटाइन जास्त, वर वर जाताना तेल वाढवत जायचं. उलटं केलं तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा नंतर आकसतो आणि चित्र तडकतं. अल्किड मीडियम मिळतंय हल्ली ऑनलाइन, ते थोडं मिसळलं तर थर एक-दोन दिवसात हाताला लागेनासा होतो. सगळ्या थरांत तेच वापरायचं, मध्येच बदलायचं नाही. आणि खिडकी उघडी ठेवा, टर्पेंटाइनचा वास बंद खोलीत डोक्यात जातो.

व्हार्निश आता नको. जाड कामाला सहा महिने तरी जाऊ द्यायचे, वर्ष गेलं तर उत्तम. घागरीच्या काळपट भागात रंग मेल्यासारखे फिकट दिसतायत ते तेल खाली शोषलं गेल्यामुळं, तिथं पातळ रिटच व्हार्निश, म्हणजे मधल्या वेळेचं हलकं व्हार्निश, मारा, रंग परत जागे होतील आणि फोटोतही खोली येईल.

फोटोचंही बोलून टाकतो. चकाकी सगळीकडं दिसतीय तुमच्या फोटोत. दोन सारखे दिवे चित्राच्या दोन्ही बाजूंनी ४५ अंशात लावा, मोबाइल स्टँडवर, कॅमेरा बरोब्बर मधोमध आणि कॅनव्हासला समांतर. जरा लांब उभं राहून दोनपट झूम लेन्सनं घ्या, जवळून घेतलं की कडा फुगतात. बाजूला एक करड्या रंगाचा कार्ड ठेवा, म्हणजे नंतर रंगाचा तोल जुळवता येतो. आणि एडिट करताना सॅच्युरेशन वाढवायचं नाही, परीक्षकानं फोटो बघून निवडलं आणि प्रत्यक्षात चित्र फिकं निघालं तर ते फार वाईट दिसतं.

माझं मत घागर. उजेड दुरुस्त करता येतो, असला पोचा परत काढता येत नाही.

---

चंदगडची_लेक

मी चंदगडची, लग्नानंतर बेळगावात अनगोळला. पेन्सिल आणि ऑइल दोन्ही करते आणि बाहेरच्या स्पर्धांत एंट्री देत असते, म्हणून त्या बाजूचं लिहिते.

आधी घरच्यांचं. स्थिरचित्राला खालची पायरी हे फ्रान्सच्या अकादमीनं सतराव्या शतकात ठरवलं, इतिहास-पुराणातले प्रसंग वर, मग पोर्ट्रेट, आणि निर्जीव वस्तू सगळ्यात खाली. त्याच अकादमीनं १७२८ मध्ये शार्दँ या फ्रेंच चित्रकाराला आत घेतलं ते दोन स्थिरचित्रांवर, त्यातलं एक स्वयंपाकघराचं, आकड्याला टांगलेला फाडलेला मासा, मांजर, भांडी, सुरी. ते चित्र आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. नंतरही त्यानं तांब्याचे हंडे नि मातीची मडकी काढली. आपल्याकडं तर ड्रॉइंगच्या इंटरमिजिएट परीक्षेत स्थिरचित्राचा स्वतंत्र पेपर असतो, म्हणजे ज्याला पुढं जायचंय त्याची पारख यातूनच होते. आणि बाहेर आज रिअलिस्टिक कामासाठी ज्या मोठ्या स्पर्धा आहेत, उदाहरणार्थ आर्ट रिन्यूअल सेंटरची सलोन, तिथं स्थिरचित्राचा वेगळा विभागच आहे, तुमची घागर कुणाच्या चेहऱ्याशी लढणार नाही, दुसऱ्या स्थिरचित्रांशी लढणार. तेव्हा आजोबांचं पोर्ट्रेट आजोबांसाठी काढा, आवडीनं काढा, स्पर्धेचं कारण नको.

आता निवड. ऑनलाइन स्पर्धेत परीक्षक पहिल्यांदा तुमचं चित्र बघतो ते काडेपेटीएवढं, शेकडो चित्रांच्या रांगेत. म्हणून तिन्ही फोटो मोबाइलवर एवढेसे करा आणि ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. मी तुमचे केले. घागर लहान झाल्यावर करड्यात करडी मिसळते, कारण काळपट अर्धा भाग आणि मागची भिंत एकाच टोनची, म्हणजे सारख्याच गडदपणाची आहे. मिरच्या चांगल्या दिसतात पण खरं सांगू, वाळलेल्या मिरच्या फार जण काढतात आणि फार जण चांगल्या काढतात. गुळाचं चित्र अर्धवट असूनही नजर तिथंच जाते. काळं लोखंड आणि त्यात आतून पेटलेला तो तुकडा.

गूळ काढणं अवघड का, तर उजेड त्याच्या पृष्ठभागावर थांबत नाही. आत शिरतो, फिरतो आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर येतो. म्हणून गुळाची सावलीतली कड काळी नसते, उलट तिथंच सगळ्यात उबदार केशरी असतो. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये चित्रकार सावळाराम हळदणकरांचं ते दिवा घेतलेल्या बाईचं चित्र आहे ना, जलरंगातलं, ते ज्यांनी प्रत्यक्ष बघितलंय त्यांना कळेल मी काय म्हणते ते. ज्योतीवर धरलेल्या हाताची बोटं कडेला लालसर उजळलेली आहेत, उजेड मांसातून आरपार आलाय. हळदणकर आपल्या घाटाखालच्या सावंतवाडीचे. गुळात तेच करायचंय, फक्त ऑइलमध्ये. खाली आधी फिकट पिवळसर, जवळजवळ पांढऱ्याच्या जवळचा अपारदर्शक थर पूर्ण वाळू द्या, मग वर इंडियन यलो आणि बर्न्ट सिएनाचे पातळ पारदर्शक हात. उजेड त्या काचेसारख्या थरातून जाऊन खालच्या पांढऱ्यावर आपटून परत येतो, तेव्हा गूळ आतून दिसतो. एकाच थरात पिवळा-तपकिरी मिसळून लावला तर साबण दिसेल.

पाझरतोय म्हणून सोडू नका हो. उलट पारड्यात साचलेली ती काकवी काढा, कडा गोल झाल्या त्याच काढा. पावसाळ्यात बेळगावच्या घरात गूळ असाच असतो, कुणीही ओळखेल. नाहीतर रविवार पेठेतनं दुसरी ढेप आणा, तोडतानाच खोबणीदार तुकडा मिळाला तर ठीक, आणि रात्री हवाबंद डब्यात ठेवत जा.

---

ड्रॉइंगमास्तर_खानापूर

ताईंचं गुळाबद्दलचं पटलं. सावलीच्या कडेचा मुद्दा अगदी बरोबर आहे. तरी एक शंका. पहिल्याच स्पर्धेत इतकं अवघड चित्र घाईत पूर्ण करायला जाऊन तो पारदर्शक थर ओल्यावरच मारला तर सगळा चिखल होईल. मिरच्यांत तो धोका नाही. मुदत किती आहे ते त्यांनी लिहिलेलंच नाही.

---

चंदगडची_लेक

सर, ऑनलाइन स्पर्धेला फोटोच पाठवायचा असतो, चित्र पूर्ण वाळलेलं असायची गरज नाही, हाताला न लागण्याइतकं झालं की फोटो निघतो. प्रत्यक्ष कॅनव्हास मुंबईला जायचा तो मात्र सुका पाहिजे. म्हणून दोन ठिकाणी दोन वेगळी चित्रं असा हिशोब केला तर? नियम मात्र ओळ न् ओळ वाचा. बऱ्याच ठिकाणी किती वर्षांतलं काम चालतं, आधी कुठं बक्षीस मिळालेलं चालतं का, दुसऱ्याच्या फोटोवरून काढलेलं चालतं का, हे सगळं लिहिलेलं असतं. तुम्ही समोर मांडून काढता त्यामुळं शेवटच्या मुद्द्याची काळजी नाही, तरी मांडणीचा आणि अर्धवट अवस्थांचा फोटो तारखेसकट ठेवत जा, काही स्पर्धा मागतात.

---

रंगपेटी_शहापूर

मास्तर, निपाणीकर, ताई, तिघांचे मनापासून आभार. रात्री दुकान बंद करून हे सगळं परत परत वाचलं आणि मग घागरीपुढं टॉर्च घेऊन बसलो. धोतराच्या घडीतली ती दुसरी हिरवट सावली आता इतकी स्पष्ट दिसतीय की डोळ्यासमोरून हलेना. आणि चमकेचं सांगितलं ते लगेच करून बघितलं, घागरीवरच्या पांढऱ्यात अगदी कणभर कॅडमियम ऑरेंज आणि लाल टाकला, तांबं एकदम तांबं झालं! एवढ्याशा रंगानं.

मुदत ऑनलाइनची सप्टेंबर अखेर आहे, मुंबईची त्यानंतर. तर असं ठरवलंय: गूळ ऑनलाइनला, मिरच्या मुंबईला. घागर आता झाकून ठेवतो आणि ऑक्टोबरात खिडकीचा उजेड स्थिर झाला की धोतर पहिल्यापासून काढतो, घागरीला हात लावत नाही. निपाणीकरांचं मत डावललं असं समजू नका, ते चित्र मला सगळ्यात जवळचं आहे म्हणूनच त्याला घाई नको. प्लायचं खोकं आमच्या गल्लीतला सुतार करून देतोय. ढेप दुसरी आणली खरं जुनी पाझरलेलीच जास्त आवडलीय, ताई म्हणतात तेच काढणार.

एकच विचारायचं राहिलं. मिरच्या मुंबईला पाठवताना रंग पूर्ण वाळला नसेल तर पॅकिंग कसं करायचं? कुरियरवाला आडवा टाकणार हे नक्की.

---

निपाणी_ऑइल

डावललं काय त्यात, घागर पुढच्या वर्षी पाठवा, मी वाट बघणार.

पॅकिंगला कॅनव्हासच्या चारी कोपऱ्यांवर पुढच्या बाजूनं बुचाचे तुकडे लावा, फ्रेमच्या लाकडावर येतील असे, चित्रावर नाही. त्यावर कॅनव्हासच्याच मापाचा पातळ प्लाय ठेवून मागून पट्टीनं बांधा, म्हणजे रंगाला काही टेकत नाही. मागच्या बाजूलाही पुठ्ठा पाहिजे, नाहीतर कुणाचं बोट लागलं की पुढं फुगवटा येतो आणि तिथंच पुढं तडकतं. बबल रॅप थेट रंगावर कधीच नको, ओलसर रंगावर त्याचे गोल गोल ठसे उठतात आणि जात नाहीत. बाहेरून प्लास्टिक, पण पूर्ण बंद करण्याआधी चित्र एक दिवस कोरड्या खोलीत ठेवा, ओल आत कोंडली तर बुरशीच. आणि बेळगावहून मुंबईला रोज रात्रीच्या बस आहेत, कुणी ओळखीचं जाणारं असेल तर उभंच धरून न्यायला सांगा, कुरियरपेक्षा ते बरं.

---

चंदगडची_लेक

आणि मागच्या लाकडावर नाव, चित्राचं नाव, माप, माध्यम आणि वरची बाजू कुठली ते पेन्सिलनं लिहा. कॅनव्हासच्या पाठीवर मार्करनं लिहायचं नाही, शाई पुढं उतरते. गुळाचा पहिला पारदर्शक थर झाला की फोटो टाका इथं, सावलीच्या कडेचा जवळून घेतलेला एक वेगळा टाका.